बाभळीची ओली पाचर

गाडीच्या बॉनेटवर माणूस बसवायचा नसतो, हे कळायला कॉलेजात जावं लागत नाही. पण आमच्या सासरच्यांनी त्यावर अख्खा नवरदेव बसवला. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा असेल. कडेगावजवळ मळ्यात आमचं घर होतं आणि घरात चुलत दिराचं लग्न निघालं होतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे नवरदेवाचा परण्या निघतो, वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला. त्यासाठी सांगून ठेवलेला घोडा ऐनवेळी आलाच नाही. नवरदेव फेटा बांधून तयार, हलगीवाले हलगी तापवून तयार, आणि घोड्याचा पत्ता नाही. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की आपली गाडी आहे की.

गाडी म्हणजे माझ्या सासऱ्यांची काळी ॲम्बॅसिडर. जुनीच घेतलेली, पण सासरे तिला जपत ते बैलजोडीपेक्षा जास्त. एरवी कुणी दारावर हात ठेवला तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्या दिवशी मात्र पाव्हण्यारावळ्यांसमोर नाही म्हणवेना. बॉनेटवर घोंगडं अंथरलं, त्यावर नवरदेव, त्याच्या दोन्ही बाजूंना करवल्या, आणि नवरदेव घसरतोय म्हणून त्याला धरून बसायला एक दांडगा मामा. हलगीवर पोरं नाचत होती तसं वरचं बिऱ्हाडही तालात हिंदकळत होतं. मी दारातून बघत होते आणि पत्र्याचा कुरकुर आवाज मला तिथपर्यंत ऐकू येत होता.

लग्न पार पडलं. पाव्हणे गेले आणि बॉनेट वाकडं राहिलं. उजवा मागचा कोपरा, काचेजवळचा, खाली दबला होता. पुढची नाकाडाची बाजू डावीकडे सरकली होती. खटका बसत नव्हता. दाबून बसवलं तर बसल्यासारखा वाटायचा आणि हात काढला की टक्कन सुटायचा.

आता यात मी कुठं आले ते सांगते. मला सातवा महिना चालू होता आणि तो सरत आला होता. आठव्यात बाईनं प्रवास करायचा नाही, हे आमच्याकडे काळ्या दगडावरची रेघ. बाळंतपणाला मी सांगलीला, विश्रामबागेत माहेरी जाणार होते. आठवा लागायच्या आत तिथं पोचायला हवं होतं. बसनं जा, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्याच्या आधीच्या वर्षी मी बसनं माहेरी जाऊन आले आणि पुढच्याच आठवड्यात, सहाव्या महिन्यात, माझं मूल गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बसचा काही संबंध नाही. मला पटलं, घरात कुणाला पटलं नाही. त्याच वर्षी ऊस गेल्यावर सासऱ्यांनी गाडी घेतली. गावाला वाटलं, पाटलांना हौस आली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकदा शेवगा सोलता सोलता म्हणाल्या, "हौस कसली. तेंनी त्या दिसापासनं बसच्या नावानं खडं फोडत्यात."

हे मला आत्याबाईंकडून कळलं, कारण सासऱ्यांकडून काही कळायची सोयच नव्हती. लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं हो. रीत होती. सुनेनं सासऱ्याशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही. त्यांना काही सांगायचं तर आत्याबाईंना सांगायचं, आणि त्यांना मला सांगायचं तर तेही आत्याबाईंनाच सांगत. तिघंही एकाच खोलीत असलो तरी. कॉलेजात वक्तृत्वाच्या स्पर्धेत टाळ्या घेतलेली मी, आणि इथं मला भाजीत मीठ जास्त पडलंय का हे विचारायलाही दुभाषा लागायचा. पहिल्या वर्षी मला याचं हसू यायचं, दुसऱ्या वर्षी राग येऊ लागला, आणि तिसऱ्या वर्षी सवय झाली. सवय झाली याचा राग वेगळा.

माझे यजमान फौजेत, वर कुठंतरी बर्फात. त्यांची रजा मंजूर झाली नव्हती. तेव्हा मला पोचवणार सासरे, सोबत आत्याबाई, आणि गाडी ही अशी नाक वाकडं करून बसलेली.

गॅरेज कऱ्हाडला होतं. तिथंवर गाडी न्यायची तर उघड्या बॉनेटनं न्यावी लागणार, आणि गॅरेजवाल्यांवर सासऱ्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी उभ्या आयुष्यात बैलगाड्या दुरुस्त केल्या होत्या. चाकाची धाव बसवण्यापासून जू तासण्यापर्यंत सगळं घरी. मोटार झाली म्हणून काय झालं, ती पण गाडीच, असं त्यांचं म्हणणं. एका सकाळी त्यांनी गोठ्यापुढच्या पत्र्याच्या सावलीत पाने, हातोडा, लाकडाचे ठोकळे असं सगळं मांडलं. गडी उसाला पाणी द्यायला गेलेले. म्हणून धरायला आत्याबाई आणि मी.

बॉनेट वर केलं की त्याला आधार द्यायची लोखंडी कांडी मिरवणुकीतच कुठंतरी गळून पडली होती. तिच्या जागी सासऱ्यांनी तुरीची काठी लावली. तुरीची काठी! केवढा तो पत्रा, आणि त्याच्याखाली मान घालून म्हातारा माणूस बिजागरीचे बोल्ट सैल करतोय. मी दोन्ही हातांनी पत्रा वर धरून उभी. पत्रा उन्हानं तापलेला, पोट मडगार्डला टेकलेलं, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत आलेला. माझा हात सुटला तर हे यांच्या मानेवर पडणार, याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. आणि सांभाळून, असं म्हणायचीही मला मुभा नव्हती.

बॉनेट खाली टेकवून बघायची वेळ आली. सासरे पुढं नाकाशी उभे राहिले.

"तिला म्हनावं, उजव्या अंगाची फट बघ," ते आत्याबाईंना म्हणाले.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "उजव्या अंगाची फट बघ."

"आत्याबाई, त्यांना सांगा, उजवीकडं बोट आत जातंय. आणि डावीकडं पत्र्याला पत्रा घासतोय."

"बोट जातंय म्हनती," आत्याबाईंनी पोचवलं. घासण्याचं त्यांनी गाळलं. लांब वाक्य असलं की त्या मधला भाग आपल्या मनानं कमी करत, तार करताना करतात तसा.

"किती बोट?"

"किती बोट?"

"करंगळी."

"करंगळी."

मग तिळभर डावीकडे, गहूभर उजवीकडे, असं चाललं. बोल्ट सैल करायचे, पत्रा सरकवायचा, बोल्ट आवळायचे, बॉनेट टेकवायचं, फट बघायची. प्रत्येक वेळी मी बघायचं, आत्याबाईंनी सांगायचं. ऊन चढलं तसं आत्याबाईंना कंटाळा येऊ लागला आणि माझी वाक्यं आणखीनच आखूड होऊन पलीकडे जाऊ लागली. पण खोटं कशाला बोलू, सासऱ्यांचा हात चांगला होता. दुपारपर्यंत पुढची बाजू सरळ झाली. दोन्हीकडच्या फटी सारख्या झाल्या. खटकाही त्याच्या भोकासमोर आला. राहिला तो उजवा मागचा कोपरा. तिथली बिजागरी मिरवणुकीच्या वजनानं वाकली होती. त्यांनी ठोकळा लावून हातोड्यानं ती उचलून बघितली. थोडी उचलली, पुढं ऐकेना. कोपरा अजून बोटाच्या पेराएवढा खाली होता.

सासरे गुडघ्यावर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. मग उठले, बाभळीचा सुका तुकडा घेतला आणि कुऱ्हाडीनं तासायला लागले.

मी समजले. पाचर. बैलगाडीत जे जे हलतं त्याला पाचर मारायची आणि वर पाणी ओतायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि अशी घट्ट बसते पाचर, की नवी गाडी काय असेल. त्यांनी बिजागरी आणि पत्र्याच्या मध्ये ती पाचर ठोकली, तांब्यानं पाणी घातलं, वर ओला किंतानाचा तुकडा गुंडाळून ठेवला. संध्याकाळी कोपरा वर आलेला. बोल्ट आवळले. बॉनेट टेकवलं, खट्कन बसलं. एका रेषेत, जणू कारखान्यातून आलंय.

"आता बापजन्मात हालत न्हाई," सासरे म्हणाले. हे कुणाला उद्देशून नव्हतं, पण मी ऐकावं असं असावं.

खटक्याशेजारी एक छोटा लोखंडी आकडा असतो. खटका चुकून सुटला तरी बॉनेट वर उडू नये म्हणून तो त्याला अडकवून धरतो. तोही वाकला होता आणि बॉनेट टेकताना आडवा येत होता. खटका बसतोय, मग आकडा कशाला, म्हणून त्यांनी तो काढून डब्यात टाकला.

मला जात्याचा खुंटा आठवला. आमच्या स्वयंपाकघरात जातं चुलीजवळ होतं. खुंटा ढिला झाला की आम्ही बायकाही त्याला पाणीच पाजायचो. पण चुलीच्या धगीला तो दोन दिवसांत पुन्हा हलायला लागायचा. मग ही पाचर तर इंजिनाच्या डोक्यावर! कडेगावपासून सांगलीपर्यंत इंजिन तापणार, वर वैशाखाचं ऊन. ती वाळणार नाही तर काय करणार? वाळली की आकसणार, आकसली की निसटणार, आणि मग तिच्या जोरावर आवळलेले बोल्ट आपोआप ढिले.

रात्रीच्या भाकरी थापताना मी आत्याबाईंना हे सगळं सांगितलं. खुंट्याचं उदाहरण देऊन, अगदी सोपं करून. म्हटलं, त्यांना एवढं सांगा, लाकूड नको, लोखंडाची चकती घाला.

आत्याबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "गप बस बाई. दिवसभर उनात राबून केलंय तेंनी. आता त्यांस्नी काय सांगू, सून म्हनती चुकलं म्हनून?"

"चुकलं नाही म्हणत हो. वाळेल म्हणते."

"तेच ते."

मी ताटं वाढायला घेतली. सासरे ओसरीवर जेवायला बसले तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन दारापर्यंत गेले. वाटलं, सांगूनच टाकावं. मामंजी, पाचर वाळेल. एवढे तीन शब्द. मी तांब्या उंबऱ्याशी ठेवला आणि आत आले. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा मला बॉनेटइतकीच त्या तीन शब्दांची भीती वाटत होती.

निघालो ते सकाळची उन्हं वर आल्यावर, कारण आठवा लागायच्या आधीचा तोच चांगला दिवस होता आणि दिवसातली तीच चांगली वेळ. सासरे पुढं एकटे. मागं मी आणि आत्याबाई. आत्याबाईंना गाडी लागते. विट्याच्या अलीकडेच त्यांनी लिंबू नाकाशी धरलं, पदर तोंडावर घेतला आणि डोळे मिटून माझ्या खांद्यावर कलंडल्या. झालं. माझा दुभाषा गेला.

मी पुढच्या काचेतून त्या काळ्या पत्र्याकडे बघत बसले. रस्ता, झाडं, माणसं यांतलं मला काहीच आठवत नाही. आठवते ती बॉनेटची उजवी कड. तिच्यावरून नजर काढली तर ती सरकेल, असं काहीतरी वेड्यासारखं वाटत होतं. एक हात पोटावर होता. आत बाळ लाथा मारत होतं, गाडीत बसल्याचा त्याला आनंदच झाला असावा. मी मनात त्याला म्हणत होते, तू खेळ बाबा, मी बघते.

तासगावात सासऱ्यांनी लिंबाखाली गाडी थांबवली. मला हायसं वाटलं. रेडिएटरमध्ये पाणी घालायला बॉनेट उघडतील, पाचर दिसेलच. ते उतरले, चहा प्यायले, बॉनेटवर हलकी थाप मारली, घोड्याच्या पाठीवर मारतात तशी, आणि परत येऊन बसले. उघडलं नाही. इतक्या छान बसवलेल्याला कशाला हलवा, असं वाटलं असणार त्यांना.

कवठे एकंद मागं पडलं आणि कड हलली.

आधी वाटलं भास आहे. मग नीट दिसलं. उजवा मागचा कोपरा खाली बसला होता. खड्डा आला की पत्रा थरथरायचा. बोल्ट ढिले झाले होते. थोड्या वेळानं पुढचं नाक डावीकडे सरकू लागलं, परण्यानंतर होतं अगदी तसं.

"आत्याबाई. आत्याबाई, त्यांना सांगा, बॉनेट हलतंय."

आत्याबाईंनी पदराआडून नुसतं हं केलं. त्यांना उमळून येत होतं.

"आत्याबाई, उठा हो! गाडी थांबवायला सांगा!"

"मला न्हाई गं बोलवत," त्या पुटपुटल्या आणि पुन्हा खांद्यावर पडल्या.

इंजिनाच्या आवाजात आमचं पुढं काही पोचलं नाही. मग मी घरातली रीत केली. सासऱ्यांना काही खुणवायचं असलं तर सुनेनं बांगड्या वाजवायच्या. मी हात हलवून बांगड्या खळाखळा वाजवल्या. खोकले. पुन्हा वाजवल्या, जोरानं. आरशात सासऱ्यांचे डोळे क्षणभर दिसले. घाबरलेले. त्यांनी माझा हात पोटावर बघितला असणार.

"आलीच, आलीच म्हनावं सांगली," ते मोठ्यानं म्हणाले. "दम धर म्हनावं."

आणि त्यांनी गाडी जोरात सोडली.

त्यांना वाटलं, मला कळा सुरू झाल्या. मी थांबा म्हणून बांगड्या वाजवत होते आणि ते प्रत्येक आवाजासरशी वेग वाढवत होते. आता लिहिताना हे हसण्यासारखं दिसतं. तेव्हा हसू सुचत नव्हतं. समोर बॉनेटचं नाक वाऱ्यानं फडफडत होतं, एकदा बोटभर, एकदा चार बोटं. मला तोंड होतं, जीभ होती, माणूस समोर होता. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं.

बुधगावच्या अलीकडे बॉनेट उडालं.

धाडकन आवाज झाला आणि समोर अंधार. सगळा पत्रा उलटा होऊन काचेवर आदळला. काच तडकली, आत्याबाई किंचाळल्या. सासरे "अरं, अरं, अरं" म्हणत राहिले. त्यांना काहीच दिसत नव्हतं आणि त्यांचा पाय होता तिथंच होता, ॲक्सिलेटरवर. गाडी आंधळी होऊन पळत होती.

मी बाजूची काच खाली केली ती कशी, मला माहीत नाही. डोकं बाहेर काढलं. पदर उडाला. समोरून माधवनगरच्या गिरणीतून परतणारे कामगार, सायकलींचा थवाच्या थवा, आणि पलीकडून कडब्यानं भरलेला ट्रक.

"मामंजी, पाय काढा!" मी ओरडले. "पाय काढा आधी! ब्रेक! हळू, हळू मारा! डावीकडं घ्या, आणखी डावीकडं! सायकली आहेत! आता सरळ! झाड आहे, झाड आहे मामंजी, थांबा!"

त्यांनी ऐकलं. मी म्हणेन तसं, म्हणेन तेवढं. एकदाही डावं-उजवं चुकले नाहीत. गाडी रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरली, लटपटली आणि झाडाच्या बुंध्यापाशी थांबली. ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. कडब्याची धूळ आत आली.

सासऱ्यांनी स्टिअरिंग सोडलं नव्हतं, त्यांच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या. आत्याबाई माझा हात धरून देवांची नावं घेत होत्या. मी पदर डोक्यावर घेतला. बोलून झाल्यावर घेतला, याची मला लाज वाटली नाही. लाज वाटायला मन जाग्यावर नव्हतं. कारण पोट दगडासारखं झालं होतं.

सायकलवाले धावून आले. त्यांनी आणि सासऱ्यांनी मिळून बॉनेट खाली ओढलं. उजव्या बिजागरीजवळ रिकामी जागा होती. पाचर केव्हाच रस्त्यात कुठंतरी गेली होती. सासऱ्यांनी त्या जागेवर बोट फिरवलं आणि तसेच उभे राहिले. मग डिकीतला कासरा काढला आणि बैलाची वेसण आवळावी तसं बॉनेट पुढच्या बंपरला करकचून बांधलं. मघाशीच बांधलं असतं तर, असं मनात आलं. पण आता कशाचा राग धरायचं त्राण नव्हतं.

दाराशी येऊन ते आत्याबाईंना म्हणाले, "तिला म्हनावं, पुढं बस. काच तडकलीया, मला नीट दिसत न्हाई."

"पुढं बस म्हनत्यात," आत्याबाई म्हणाल्या.

मी पुढं बसले. सासऱ्यांच्या शेजारी. असं कधी झालं नव्हतं. ते बैलगाडीच्या चालीनं गाडी चालवू लागले. मला समोरचं सगळं दिसत होतं, पण मी रस्ता बघतच नव्हते. दोन्ही हात पोटावर ठेवून मी वाट बघत होते. तासगावपासून अखंड नाचणारं बाळ आता गप्प होतं. बॉनेट आदळल्यापासून एकदाही हललं नव्हतं. मी डाव्या कुशीला बोटानं टोचलं. काही नाही. उजवीकडे दाबलं. काही नाही. गेल्या वर्षीही असंच झालं होतं. आधी गप्प झालं होतं, बाकीचं सगळं नंतर. मागच्या सीटवर आत्याबाई होत्या, पण त्यांना मी सांगितलं नाही. सांगितलं की खरं होईल, असं वाटत होतं.

माधवनगरचं फाटक बंद होतं. गाडी रांगेत उभी राहिली. सासऱ्यांनी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं, फक्त तापलेला पत्रा टिकटिक करत होता.

"हालतंय का गं?"

मी मान वर केली. ते समोर फाटकाकडेच बघत होते. मला वाटलं आत्याबाईंना विचारलं. पण आत्याबाईंना असं कोण विचारेल?

"नाही, मामंजी," मी म्हणाले. "मघापासनं नाही."

ते म्हणाले, "तुला आदीच दिसलं हुतं न्हवं? पाचरीचं."

"रात्रीच कळलं होतं. वाळणार म्हणून."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"कुणाला सांगू?" मी म्हणाले. आवाज चढला होता, मला थांबवता आला नाही. "कुणाला सांगणार होते मी?"

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. मान खाली घातली. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

मिरजेकडून गाडी आली. फाटकाजवळची जमीन थरथरली, सीट थरथरली, मी थरथरले. त्या गडगडाटात पोटात काहीतरी झाल्यासारखं वाटलं. पण ते रेल्वेचंही असेल. मी श्वास धरला. डबे जात राहिले, जात राहिले. शेवटचा डबा गेला. धूळ खाली बसली. मी हललेच नाही.

आणि आतून एक लाथ बसली. बरगडीखाली, चांगली सणसणीत. मग दुसरी.

"हललं," मी म्हणाले. "मामंजी, हललं!"

त्यांनी खांद्यावरचा पंचा ओढला आणि तोंडावर धरला. खांदे गदगदत होते. फाटक उघडलं, मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या, सायकली आमच्या बाजूनं पुढं निघाल्या. ते तसेच बसून.

आत्याबाई मागून पुढं वाकल्या. "काय झालं? आवं, काय म्हनती ती?"

सासऱ्यांनी पंचा काढला. डोळे लाल होते.

"तुला न्हाई," ते म्हणाले. "मला सांगितलंय तिनं."